उत्तर आलेली मागणी

नगराध्यक्षांनी नववी मागणी वाचून संपवली, घोटभर पाणी प्याले, दहावी वाचली आणि कागद पालथा ठेवला. सभाबाईचं पेन तिथेच थांबलं. बांध राहिला, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, वाचायचा राहिला असेल. पण वाचायचा राहिलाच नव्हता. कागदावर तो नव्हता, आणि कागद तिनेच टाइप केला होता. सभागृहातले एकवीस सभासद बाकांवर रेलून बसले होते. कुणी घड्याळ बघत होतं, मागच्या बाकावरचा औषधांच्या दुकानाचा मालक असलेला सभासद नेहमीसारखा डुलक्या काढत होता, आणि वरचा पंखा दर फेरीला एकदा कुरकुरत होता. "राज्य सरकारकडे पाठवायच्या कायदेविषयक मागण्यांची यंदाची यादी एकमताने मंजूर," नगराध्यक्ष म्हणाले. एकवीस हात वर झाले, डुलकीवाल्याचा सगळ्यात आधी. चौदा वर्षं ज्या यादीत जुन्या तलावाच्या बांधाची मागणी होती, त्या यादीतून बांध गेला आणि एकविसांतल्या एकालाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. सभाबाईने वहीत लिहिलं, 'एकमताने मंजूर'. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, आणि ते वळणदार आलेलं बघून तिला भीती वाटली.

सभाबाई हे काही तिचं नाव नव्हे. नाव हजेरीपटात होतं, तिथेच राहायचं. सव्वीस वर्षं ती नगरपालिकेच्या प्रत्येक सभेचं इतिवृत्त लिहीत आली होती, म्हणून सभाबाई. नोकरीला लागली तेव्हा थोरल्या हेडक्लार्कने तिला समोर बसवून सांगितलं होतं, की सभेत आपण बोलायचं नाही, खोकायचं झालं तर सभासदाचं वाक्य संपल्यावर खोकायचं. यादीचे नियमही त्याचेच. यादीत मागण्या दहाच, कारण राजधानीतला एक आमदार पूर्वी कधीतरी म्हणाला होता की दहाच्या पुढे तिकडे कोणी वाचत नाही. नवी यादी करताना जुनी यादी शेजारी ठेवायची, जिला उत्तर नाही ती मागणी जशीच्या तशी पुढे न्यायची, आणि सरकारकडून जिला उत्तर आलं ती यादीतून काढून 'उत्तरित' नावाच्या फायलीत लावायची. उत्तर काय आलंय ते बघायचं नाही. उत्तर आलं म्हणजे काम मार्गी लागलं, असा थोरल्याचा हिशेब. थोरला निवृत्त झाला, गेलाही, पण नियम राहिला. कार्यालयात माणसं बदलतात तसे नियम बदलत नाहीत. आणि तीन आठवड्यांपूर्वी, चौदा वर्षांत पहिल्यांदा, बांधाच्या मागणीला उत्तर आलं. दीड ओळीचं. 'आपली मागणी शासनाच्या विचाराधीन आहे.' सभाबाईला त्या दिवशी इतका आनंद झाला की तिने अख्ख्या खोलीला चहा पाजला. पत्र तिने स्वतःच्या हाताने भोक पाडून उत्तरित फायलीत लावलं. यादीत एक जागा मोकळी झाली, आणि त्या जागेवर नगराध्यक्षांना हवी असलेली मागणी बसली: कायद्यात दुरुस्ती करून या गावास शहराचा दर्जा द्यावा आणि नगराध्यक्षांस महापौर म्हणावे. तीही तिनेच टाइप केली होती, न अडखळता, दुपारच्या डब्याच्या आधी. हात आपलं काम करून मोकळा झाला होता. ऐकलं ते आज कानांनी.

सभा उठली. खुर्च्या सरकल्या, सभासद दारात घोळका करून हसत उभे राहिले, आणि कुणीतरी "काय महापौर!" म्हणून नगराध्यक्षांच्या पाठीवर थाप मारली. सभाबाई वही मिटून बसून राहिली. तिच्या उजव्या तळव्याला गार लागत होतं. हे तिला अधूनमधून व्हायचं, भर उन्हातसुद्धा, आणि त्याचं कारण तिला ठाऊक होतं, फक्त ती ते मनावर घ्यायची नाही. चौदा वर्षांपूर्वी त्या मागणीचा पहिला मसुदा करायचा होता तेव्हा नगरपालिकेचा जुना इंजिनिअर तिला बांधावर घेऊन गेला होता. रापलेला, फटकळ माणूस, कायम चपलांना चिखल. "न बघता टाइप केलंत तर कागद छान होईल बाई, बांध नाही होणार," तो म्हणाला होता. गावाच्या वर तलाव, तलावाला मातीचा उंच बांध, बांधाला बाहेरून दगडांची फरसबंदी. ज्याने बांधला ते खातं सरकारने कधीच मोडीत काढलेलं. ज्या खात्याकडे त्याचा कारभार गेला ते म्हणे, आमच्या नोंदवहीत असा बांधच नाही. आणि कायदा असा, की सरकारच्या बांधाला नगरपालिकेने एक दगडसुद्धा लावायचा नाही. "हात लावा इथे," इंजिनिअर म्हणाला. तिने तळवा दगडावर टेकवला. "गार आहे," ती म्हणाली. "गार काय, ओला आहे. मे महिन्यात." मग तो उकिडवा बसला आणि दगडांच्या फटीतून येणारं, करंगळीएवढंही नसलेलं पाणी त्याने ओंजळीत घेऊन तिला दाखवलं. नितळ होतं, त्याच्या हातावरच्या रेषा दिसत होत्या. "हे असं नितळ येतंय तोवर बांध म्हातारा झालाय एवढंच. पण गढूळ यायला लागलं ना बाई, की आतली माती निघाली म्हणून समजा. मग कागदबिगद करत बसायचं नाही. खाली जी कोणी माणसं असतील त्यांना उठवायचं आणि चालू पडायचं." सभाबाईने खाली बघितलं होतं. खाली काटेरी झुडपं होती, आणि दोन शेळ्या. "त्यांना का उठवायचं?" ती म्हणाली होती, आणि दोघंही हसले होते.

शेळ्यांच्या जागी आता बेचाळीस घरं होती. सातव्या घरात सभाबाईची मुलगी राहत होती, जावई राहत होता, आणि सात महिन्यांची चिमी राहत होती.

ती तळघरातल्या अभिलेख खोलीत गेली. काम काही नव्हतं तिथे, पण वर खोलीत सगळे उद्याच्या शिष्टमंडळाबद्दल बोलत होते, कोण गाडीत पुढे बसणार आणि कोण मागे. उद्या अकरा वाजता नगराध्यक्ष चार सभासदांना घेऊन ती यादी राजधानीला नेणार होते. तळघरात फायलींचा कुबट वास होता आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला पत्र्याचा फलक होता. रोज दुपारी ती त्याला टेकून ठेवलेल्या स्टुलावर बसून डबा खायची. फलकावर काय लिहिलंय हे आता कार्यालयात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसेल. 'बांध कमकुवत आहे. खाली वस्ती करू नये.' इंजिनिअरने स्वतःच्या जबाबदारीवर तो बांधाखाली रोवला होता, आणि पंधरा दिवसांत सरकारची नोटीस आली होती की शासकीय हद्दीतलं हे अतिक्रमण तत्काळ हटवावं. बांध नोंदवहीत नाही म्हणणाऱ्या खात्याला फलक मात्र बरोबर दिसला. तो काढल्याची पोच सभाबाईनेच टाइप केली. पुढच्या वर्षी इंजिनिअर गेला, छातीत कळ येऊन, कार्यालयातच, आणि त्यानंतर बांधाकडे बघणारं कोणी उरलं नाही. यादी मात्र दर वर्षी जात राहिली. सहावी मागणी. कधी सातवी. 'संबंधित कायद्याच्या कलमात दुरुस्ती करून जुन्या तलावाच्या बांधाची तपासणी व दुरुस्ती करण्याचे अधिकार नगरपालिकेस द्यावेत.' तिला ते तोंडपाठ होतं. टाइप करताना दर वर्षी तिला बरं वाटायचं, एक काम हातावेगळं केल्यासारखं. आता त्या स्टुलावर बसल्या बसल्या तिला कळेना की तिने नक्की कुठलं काम हातावेगळं केलं होतं.

आणि मग ती आठवण आलीच, जिला ती दोन वर्षं दारातूनच परत पाठवत होती. मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती, हातात घराचा नकाशा, चेहरा फुललेला. दोन घरं बघितली होती त्यांनी. एक गावाच्या पलीकडच्या टोकाला, दोन बस बदलून जायचं. दुसरं बांधाखाली, सभाबाईच्या घरापासून चालत दहा मिनिटं. "आई, तू तर आतलीच. तुला सगळ्या गावाचं ठाऊक असतं. सांग ना, जागा बरी आहे ना ती?" सभाबाई तेव्हा डबे पुसत होती. नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर कुलूप उघडताना तिचा जीव कासावीस व्हायचा. तिला सहावी मागणी आठवली. अगदी स्वच्छ आठवली, स्वल्पविरामासकट. मग तिने स्वतःला सांगितलं की फायलीतलं बाहेर बोलायचं नसतं. मग सांगितलं की बारा वर्षं काही झालं नाही. मग सांगितलं की सरकारला कळवलेलं आहे. सगळी कारणं खरी होती आणि सगळी खोटी होती, कारण डबा पुसता पुसता तिच्या मनात दहा मिनिटं, दहा मिनिटं एवढंच चाललं होतं. "बरी आहे," ती म्हणाली. मुलीने तिच्या गळ्यात हात टाकले होते.

पाच वाजता ती कार्यालयातून निघाली ती तडक मुलीकडे. वाटेत रोजचा रस्ता रोजचाच होता. सायकल दुरुस्तीवाला, इस्त्रीवाला, खांबावर सुकत घातलेली कुणाची तरी सतरंजी. पण आज तिला सगळं उतारावर असल्यासारखं वाटत होतं. रस्ता इतका उतरता आहे हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. पाणी कुठून येईल, कुठल्या कोपऱ्यावर वळेल, इस्त्रीवाल्याची टपरी आधी जाईल की ती पिवळी भिंत, असलं काहीबाही मनात येत होतं, आणि ती ते झटकत होती, आणि पुढच्या पावलाला ते पुन्हा येत होतं. आज सांगायचंच, तिने ठरवलं. दारात पाय ठेवल्या ठेवल्या सांगायचं.

"आज लवकर सुटलात सासूबाई? नगरपालिकेचं दिवाळं वाजलं की काय?" जावई म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा, आणि हसायला त्याला कारण लागत नसे. मुलीने चिमीला तिच्या मांडीवर दिलं आणि ती चहा ठेवायला आत गेली. चिमीने आजीचा चष्मा ओढला. तिच्या मानेला दुधाचा आंबूस वास होता, आणि सभाबाईला तो इतका गोड लागला की सांगायचं वाक्य घशाशी येऊन मागे फिरलं. चहा झाल्यावर सांगू. चहा झाला. मुलगी म्हणाली, "आई, मागची भिंत बघ ना जरा. कपाट लावलंय तिथे, पण सगळ्या चादरींना ओल येतेय." जावई म्हणाला, "फायदा बघ की! उन्हाळाभर पंखा नको." सभाबाई मागच्या खोलीत गेली. चिमीचा पाळणा त्याच भिंतीला लागून होता. तिने भिंतीला हात लावला. तळव्याला अगदी तसंच लागलं, चौदा वर्षांपूर्वी दगडाला लागलं होतं तसं. "आणि हे बघ," मुलगी मागचं दार उघडत म्हणाली, "ही नाली. गेला महिनाभर वाहतेय, पाऊस नाही पाणी नाही. मी झाडांना घालते त्यातलंच. फुकटचं पाणी!" दाराबाहेर हातभर रुंद नाली होती, आणि तिच्या पलीकडे, घरांच्या डोक्याच्याही वर, गवताने झाकलेला बांध उभा होता. सभाबाई खाली वाकली. उजेड कमी झाला होता. पाणी काळपट दिसत होतं, पण त्या उजेडात कुठलंही पाणी काळपटच दिसलं असतं. "एखादी रिकामी बाटली आहे का गं?" ती म्हणाली. "कशाला?" "कुंडीत घालेन. तुझी झाडं छान आलीत." मुलीने चिमीची जुनी दुधाची बाटली आणून दिली. सभाबाईने ती नालीत बुडवून भरली आणि पदराआड धरली. आणि काही न सांगता घरी गेली. हे तिचं तिलाच नंतर खरं वाटेना. बाळ मांडीवर घेतलं, चहा प्याली, खोटं बोलली आणि घरी गेली.

रात्री बाटली तिने खिडकीत ठेवली आणि सकाळ होईपर्यंत तिच्याकडे बघितलं नाही. सकाळी उन्हाची तिरीप खिडकीतून आली. वरचं पाणी नितळ झालं होतं, आणि बाटलीच्या तळाशी बोटभर पिवळी माती बसली होती, तलम, पिठासारखी. नालीतलीच असेल, ती स्वतःला म्हणाली. नालीत माती असतेच. पण नालीतली माती काळी असते, हे तिला ठाऊक होतं. आणि बांध ज्या टेकडीच्या मातीचा होता ती टेकडी पिवळी होती, हेही ठाऊक होतं, कारण इंजिनिअरच्या चपलांना तीच लागलेली असायची आणि शिपाई त्याच्या नावाने खडे फोडत जिने पुसायचा. सभाबाईने केस विंचरले, साडी नेसली, डबा भरला. डबा का भरला तेही तिला कळलं नाही. बाटली तिने डब्याच्या पिशवीत उभी ठेवली आणि कार्यालयात गेली. वाटेत दोनदा मुलीच्या गल्लीचा फाटा लागला, म्हणजे एकदाच लागला, पण ती पुढे जाऊन परत आली आणि पुन्हा पुढे गेली. यादी अकराला निघते, तिने स्वतःला बजावलं. आधी यादी.

मुख्याधिकारी साहेबांच्या टेबलावर यादीच्या तीन प्रती सह्या होऊन पडल्या होत्या. साहेब चांगला माणूस होता. कुणावर ओरडायचा नाही, कुणाचं काम अडवायचा नाही, आणि दीड वर्षात त्याची बदली व्हायची होती. सभाबाईने बाटली त्याच्या टेबलावर ठेवली.

"हे काय? नातीची बाटली इथे?"

"साहेब, बांध यादीतून गेला," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत तिने साहेबाच्या खोलीत न विचारता पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं, आणि आवाज भलताच मोठा आला. "उत्तर आलं म्हणून मी काढला. पण ते उत्तर नाहीये साहेब. विचाराधीन म्हटलंय नुसतं. आणि हे पाणी बघा. माती येतेय त्यातून. इंजिनिअरसाहेब म्हणाले होते, गढूळ आलं की..."

"बसा बाई, बसा आधी. घाम आलाय तुम्हाला." साहेबाने बाटली उचलून उजेडात धरली. "नालीतलं आहे ना? मग माती असणारच की. आता याला आवक क्रमांक द्यायचा का?" तो हसला, टिंगल नव्हती त्यात. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं. "बरं, मग घालायचाय का बांध? घाला की. अकरावी मागणी म्हणून घाला."

"सभेत मंजूर झालेली यादी आहे साहेब. एकमताने."

"तर काय झालं? शेवटचं पान बदला, मी सही करतो. नगराध्यक्षांना सांगतो मी. त्यांना महापौर मिळाल्याशी कारण." त्याने पेनाचं टोपण काढून ठेवलं. "बाई, तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. अकरा असोत नाहीतर एकशे अकरा, तिकडे कोण वाचतंय? मी तीन वर्षं होतो ना त्या खात्यात, राजधानीत. गावागावांच्या याद्या येतात, त्यांची पोच द्यायला एक क्लार्क असतो. बिचारा दमला, की सगळ्यांना एकच पत्र धाडतो. विचाराधीन आहे म्हणून. तुमचं पत्रसुद्धा त्यातलंच असणार."

सभाबाईने शेवटचं पान टाइप केलं. 'संबंधित कायद्याच्या कलमात दुरुस्ती करून.' बोटं आपोआप चालत होती, आणि या खेपेला बरं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. कालपासून तिला वाटत होतं की तिच्या हातून यादीतला बांध गेला म्हणून तिला भीती वाटतेय. बांध परत यादीत गेला की भीती जाईल. बांध यादीत गेला, साहेबाची सही झाली, पान पिनेने जोडलं गेलं, आणि भीती कमी व्हायच्या ऐवजी मोकाट सुटली. चौदा वर्षं तिच्यासारख्याच कुणातरी क्लार्कने, तिच्यासारख्याच खोलीत, तिचा कागद न वाचता फायलीला लावला होता, दुपारच्या डब्याच्या आधी. ती इथे टाइप करून निर्धास्त, तो तिथे भोक पाडून निर्धास्त. आणि त्या कागदाच्या भरवशावर तिने पोटच्या पोरीला सांगितलं होतं, बरी आहे. खाली गाडी सुरू झाली. नगराध्यक्ष पुढे बसले. कुणीतरी हात हलवला. सभाबाईने टाइपरायटरवर झाकण घातलं, डब्याची पिशवी घेतली, रजेचा अर्ज न लिहिता जिना उतरली, आणि फाटकातून बाहेर पडल्यावर ती पळायलाच लागली, चोपन्न वर्षांची बाई, साडी एका हाताने वर धरून. सायकलवाला हातातलं चाक तसंच धरून तिच्याकडे बघत राहिला.

दार मुलीने उघडलं. जावई शाळेत गेला होता. "आई? काय झालं? अगं केवढ्या धापा टाकतेस! बस आधी, पाणी आणते." चिमी सतरंजीवर पालथी पडून एका चमच्याशी झटापट करत होती. सभाबाई बसली नाही. तिने चिमीला उचलून घट्ट छातीशी धरलं आणि मागच्या दाराशी गेली. लख्ख ऊन नालीवर पडलं होतं. आता उजेडाची सबब नव्हती. पाणी पिवळं होतं, आणि कालच्यापेक्षा जास्त होतं.

"तुम्ही इथून निघा," ती म्हणाली. "आत्ता. माझ्याकडे चला. सामान नंतर बघू. बांध आतून फुटतोय."

मुलगी पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. "फुटतोय म्हणजे? कोण म्हणालं?"

"कोणी नाही म्हणालं. मला ठाऊक आहे. तो कमकुवत आहे. खाली वस्ती करू नये असा फलकसुद्धा होता इथे, तो काढायला लावला. दर वर्षी आम्ही सरकारला लिहितो, मीच टाइप करते, पण ते कोणी..."

मुलीने पेला खाली ठेवला. ती नालीकडे बघत होती, मग भिंतीकडे, मग पाळण्याकडे. तिचा चेहरा हळूहळू असा झाला की सभाबाईला तिच्याकडे बघवेना.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

खोटं बोलायला जागा होती. कालपासून म्हणता आलं असतं. इंजिनिअरवर ढकलता आलं असतं, साहेबावर, सरकारवर.

"तू शाळेत होतीस तेव्हापासून," सभाबाई म्हणाली.

मुलगी पुढे आली आणि आईच्या हातांतून चिमीला काढून घेतलं. हळू घेतलं, पण घेतलं. चिमीची मूठ आजीच्या पदरात अडकली होती, ती तिने एकेक बोट करून सोडवली. मग ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, दुपटी काढल्याचा, बाटल्या एकमेकींवर आपटल्याचा. सभाबाई मोकळे हात घेऊन तशीच उभी होती. आपण मदतीला आत जावं की जाऊ नये, हे तिला कळेना.

"मी काय करू?" तिने बाहेरूनच विचारलं.

मुलगी खांद्याला पिशवी लावून बाहेर आली. डोळे कोरडे होते. "मी यांच्या शाळेवर जाते. तू शेजारी सांग. सगळ्यांना सांग." आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकताना, मागे न बघता, "तूच सांग," म्हणाली.

सभाबाईने शेजारचं दार ठोठावलं. पिठाच्या हातांची एक बाई बाहेर आली, मागे दोन पोरं. सभाबाईने घसा साफ केला. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं उतरवून घेतलेली बाई ती. आता स्वतःचं वाक्य बोलायचं होतं. बांध फुटायला आलाय, तिने सांगितलं, पाणी गढूळ यायला लागलंय, पोरांना घेऊन वरच्या रस्त्याला जा. बाईने आधी तिच्याकडे बघितलं, मग हात पुसत नालीकडे जाऊन आली. परत आली तेव्हा पोरांना दंडाला धरलेलं होतं.

"तुम्ही कोण पण?"

"मी नगरपालिकेत असते."

बाईचे डोळे बारीक झाले. "मग तुम्हाला हे कधीपासून ठाऊक आहे?"

सभाबाईने तिला सांगितलं. मग ती पायऱ्या उतरली आणि पुढच्या दाराकडे वळली. अजून चाळीस दारं होती.